तानव्वाच्या चपट्या गोळ्या

नांगरतळला अजून गाडीवाट नव्हती, मीठ आणि कापड बैलाच्या पाठीवरून घाट चढायचं, तेव्हाची ही हकीकत आहे.

त्या गावात तानव्वा नावाची ओतारीण राहायची. नवरा गेला, पण तिनं भट्टी विझू दिली नाही. समया, घंटा, बैलांच्या गळ्यातली घुंगरं ती ओतायची. तिची घंटा वाजली की खालच्या खोऱ्यातल्या म्हशीसुद्धा चरायच्या थांबून मान वर करायच्या, असं म्हणतात.

एका साली वरच्या रानात एक एकांडा डुक्कर आला. केवढा होता ते विचारू नका, सांगणाऱ्या प्रत्येकाचं माप वेगळं आहे. पण एवढं सगळेच सांगतात, की त्याच्या पाठीवरचा चिखल इतका जुना होता की त्यात कारवीची झुडपं रुजली होती. तो उभा राहिला की रानच उभं आहे असं वाटायचं. आणि तो चालायला लागला की बघणाऱ्याला कळायचं नाही, आपण चालतोय की झाडं.

त्यानं मध काढायला गेलेला सिदाप्पा मारला. मग झऱ्यावर पाणी भरायला गेलेली लगमव्वा मारली. गावाला पिण्याचं पाणी त्या एकाच झऱ्याचं. बायका डबक्यातलं पाणी फडक्यानं गाळून पोरांना पाजू लागल्या आणि पोरं आजारी पडू लागली.

गावात बंदूक एकच होती, भरमू गावड्याकडं. कुणा जंगलसाहेबानं मायदेशी परतताना ती त्याच्या बापाला दिली होती. घोड्याखाली एक कडी होती. कडी खाली ओढून वर घेतली की कर्र-खट्ट करून नवं काडतूस आत सरकायचं. ती काडतुसं राहायची बंदुकीच्या नळीखालच्या दुसऱ्या नळीत, एकामागं एक, माणसं पायवाटेनं जातात तशी. लोक तिला कडीची बंदूकच म्हणायचे. दारू आणि काडतुसाच्या बुडाला बसवायच्या टिकल्या, ज्यांवर ठोका पडला की बार उडतो, त्या भरमू घाटाखालून आणायचा, काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरायचा, आणि शिशाच्या गोळ्या त्याला तानव्वा ओतून द्यायची. लिंबासारख्या गोल टोकाच्या.

त्या गोळ्यांनी भरमूनं दोनदा नेम धरला. दोन्ही वेळा डुक्कर चालता झाला. तेव्हा तो भट्टीवर आला.

"आत्ती, गोल गोळी कारवीच्या काटकीला लागली तरी फिरतीया. टोकदार ओतून दे. सुईगत घुसाय पायजे."

"सुई टोचल्यानं बैल पडतोय व्हय रं?"

पण तिनं नवा साचा कोरला आणि टोकदार गोळ्या ओतल्या. दोघांनी केळीच्या खुंटावर दोन्ही झाडून बघितल्या. गोल गोळीनं वाटीएवढा खळगा पाडला आणि ती आतच राहिली. टोकदार गोळी करंगळीएवढं भोक पाडून आरपार गेली.

"बघ, कुठवर गेली!" भरमू म्हणाला.

"बघ, केवढंसं भोक," तानव्वा म्हणाली.

एकच खुंट, पण दोघांना दोन गोष्टी दिसल्या. शेवटी शिकारी तो, म्हणून तिनं त्याचं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरमूनं टोकदार गोळ्यांची काडतुसं भरली आणि झऱ्याची चढण धरली. डुक्कर समोर आला. भरमूनं चाप ओढला. गोळी त्याच्या खांद्यातून आरपार गेली आणि त्यानं साधा कानही हलवला नाही. पण त्याच क्षणी भरमूच्या डाव्या हाताखाली दुसराच बार उडाला. खालची नळी फाटली. तीन बोटं गेली. डुकरानं एकदा त्याच्याकडं बघितलं आणि तो पाठीवरची झुडपं हलवत निघून गेला.

गावाला काही समजेना. कुणी म्हणालं दारू सादळली होती, कुणी म्हणालं करणी झाली. कित्येकांनी सरळ तानव्वाकडं बोट दाखवलं. आणि सगळ्यांत जास्त गोंधळली ती स्वतःच. गोळी सुटली वरच्या नळीतून, मग फुटली खालची कशी? तिला काही सुधरेना. तिनं आमटीत गूळ टाकायचा तो राख टाकली. एक घंटा ओतली ती आतल्या लोलकाशिवाय. ती देवीला कौल लावायला गेली. उजवं फूल पडलं तर चूक तिची नाही, डावं पडलं तर तिची. दोन्ही फुलं एकाच वेळी पडली, असं म्हणतात. गुरवानं ताट खाली ठेवलं आणि तो म्हणाला, "बाई, आईलाच उमगंना झालंय."

मग ती भरमूच्या घरी गेली आणि फाटलेली बंदूक मागून घेतली. नळीत दोन काडतुसं न फुटता राहिली होती. तिनं ती उन्हात धरली. एकाच्या बुडाला टिकलीवर बारीक खड्डा दिसला, पाखरानं चोच मारावी तसा. तिनं ती दोन्ही जमिनीवर एकामागं एक मांडली, नळीत असतात तशी. मागच्या गोळीचं टोक पुढच्याच्या टिकलीवर बरोबर टेकलं. बार उडाला की बंदूक धक्का देते. धक्का बसला की टोक टिकलीला टोचतं.

"असंच झालं आसल," ती म्हणाली. मग तिचंच तिला पटेना. "का आणि काय दुसरं?"

तरी तिनं तिसरा साचा कोरला. या गोळीला टोकच नव्हतं. पाट्यावर घासल्यासारखं सपाट तोंड. टोचायलाही काही नाही आणि सुईसारखं निसटून जायलाही काही नाही. फाटलेल्या नळीवर तिनं पितळी कडं चढवून ती सांधली आणि बंदूक भरमूपुढं ठेवली.

"आत्ती, माझा डावा हात गेला. धरू कशानं?"

"माझ्या हातानं."

"आणि परत फुटली तर?"

"माझा हात खाली आसल. माझाच जाईल."

"तुला खात्री हाय?"

"न्हाई," तानव्वा म्हणाली. "खात्री आसती तर दुसऱ्या कुणाला धराय सांगितलं आसतं."

दोघं उन्हं वर आल्यावर चढणीला लागली. भरमूच्या खांद्याला दस्ता, आणि बाजूनं नळीखाली तानव्वाचा हात, जिथं नळी फाटली होती नेमका तिथं. कारवीचं रान समोर उभं होतं. मग त्यातलं अर्धं रान चालायला लागलं. कुठलं झाड जागेवरचं आणि कुठलं डुकराच्या पाठीवरचं, ते दोघांनाही कळेना.

"कुठं मारू, आत्ती?"

"जे आपल्याकडं येतंय त्यात मार!"

भरमूनं मारली. कडी ओढली, पुन्हा मारली. किती वेळा, ते आजही ठरलेलं नाही. गाव म्हणतं एक, भरमू म्हणायचा चार. तानव्वा म्हणायची, "मी डोळं मिटून हुते. हात तेवढा काढला न्हाई." धूर विरला तेव्हा डुक्कर त्यांच्यापासून दोन पावलांवर गुडघे टेकून पडला होता. त्याच्या पाठीवरची कारवी त्या घटकेला निळी फुलली आणि तिच्यावर मधमाश्या येऊन बसल्या, असं म्हणतात. तानव्वाचा हात भाजला होता, पण बोटं पाचही होती.

बायका त्याच दुपारी घागरी घेऊन झऱ्यावर गेल्या.

तानव्वा पुढं खूप जगली. दर दिवाळीला ती भरमूला विचारायची, "चूक माझी का तुझी?" भरमू म्हणायचा, "टोक मी मागितलं." ती म्हणायची, "पण ओतलं मी." आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच.

नांगरतळला अजून रीत आहे. जो वस्तू घडवतो, त्यानं ती पहिल्यांदा स्वतःच्या अंगावर घ्यायची. सुतार नव्या शिडीवर आधी स्वतः चढतो. पाळणा विणणारी बाई आधी स्वतः त्यात बसते, मग तो कितीही कुरकुरो. याला म्हणतात तानव्वाचा हात देणं. मध्यंतरी ओढ्यावर साकव झाला तेव्हा गावानं तो बांधणाऱ्या शहरातल्या इंजिनिअरसाहेबांना हात जोडून सांगितलं, तुम्ही पुढं व्हा. ओढा दुथडी वाहत होता. साहेबांना वाटलं, आपला मान ठेवतायत. ते हसत निघाले. मधोमध पोचल्यावर त्यांनी मागं वळून बघितलं, तर सगळं गाव काठावरच उभं होतं, आणि कुणीच टाळ्या वाजवत नव्हतं.