हौदा बुजवण्याआधी

"हौद्यात बाईमाणसानं पाय ठेवायचा नाही. आणि का, ते विचारायचं नाही."

"पाठ हाय की अजून," दस्तगीर वस्ताद म्हणाले.

"तुम्हीच पाठ करून घेतलंत."

"मग आज काय, कारण इचारायला आलीस?"

"विचारायला नाही. सांगायला आले. हौदा बुजवायचाय."

कौलांतून उन्हाचा एक पट्टा लाल मातीवर पडला होता, वस्ताद तिकडे बघत राहिले...

ही तालीम आमच्या सूतगिरणीच्या आवारातली. गिरणी सुरू झाली तेव्हा कामगारांच्या तब्येतीसाठी मालकांनी बांधलेली. पाळी सुटली की अंगावरचा कापूस झटकत माणसं इथे यायची, लंगोट लावून हौद्याच्या मातीत कुस्ती खेळायला उतरायची. माझे आबाही. त्या सगळ्यांना दस्तगीर वस्तादांनी घडवलं. आता कुणी येत नाही. वस्ताद मात्र रोज येतात. कुलूप काढतात, हौद्याच्या काठावर बसतात, कुलूप लावून जातात.

मी त्याच गिरणीत कामगार कल्याण अधिकारी आहे. उभं राहून राहून ज्यांचे गुडघे गेले त्यांच्यासाठी व्यायामशाळा करायची, हे मी वरच्यांच्या मागे लागून मंजूर करून घेतलं. जागा हीच मिळाली. मशिनं येऊन व्हरांड्यात पडली होती. तालमीचे पंच म्हणाले होते, वस्ताद हो म्हणाले तर आमचंही हो.

म्हणून मी आले होते. एका 'हो'साठी.

"मशिनं कसली आणलीस?" वस्तादांनी विचारलं.

"चालायची. पट्टा फिरतो, त्याच्यावर आपण चालायचं."

"कुठवर?"

"कुठवर नाही. जागच्या जागी."

"बरं हाय. वाट चुकायची भीती न्हाई."

मी हसले नाही.

"वस्ताद, चेष्टा नको. रिंगखात्यात उभ्यानं सूत जोडणारी फुलाबाई जिना चढताना कठड्याला लोंबकळते. अजून चाळिशीची नाही ती. गिरणीत आता बायाच जास्त आहेत आणि तालमीचा दरवाजा त्यांना बंद. पंचांशी भांडत बसले तर माझे केस पिकतील. म्हणून हा उपाय काढलाय. हौदा बुजवायचा, वर काँक्रीट, त्यावर रबरी चटई. हौदाच उरला नाही तर नियम कसला? जमीन सपाट. कुणीही कुठंही उभं राहावं."

"हुशार हायस."

मला ते आवडलं. लपवलं नाही मी.

"आणि नियम कुठं जाईल?"

"संपेल."

"कुठं जाईल, असं इचारलं."



वस्तादांनी काठाच्या दगडावर तळवा ठेवला आणि हळूच दोनदा थोपटलं.

"हितंच. खाली."

माझं डोकं तापलं. म्हाताऱ्यांची ही खोड मला लहानपणापासून ठाऊक आहे. सरळ प्रश्नाला कोडं, कोड्याला मौन, आणि मौनाला आपण नमस्कार करायचा.

"मला हो किंवा नाही सांगा. मिस्त्री उद्या येतोय."

"हो. बुजव."

इतक्या पटकन हो येईल असं वाटलं नव्हतं. जिंकल्यासारखंही वाटलं नाही.

"पण आधी ही माती काढाय लागंल," ते म्हणाले. "पोकळ मातीवर काँक्रीट टाकलंस तर तडकंल."

"मिस्त्रीची माणसं काढतील."

"ती परकी. ही माती तुझ्या बापानं उकरलीया. पयली खोरंभर माती तू काढ."

त्यांनी भिंतीशी टेकलेलं खोरं माझ्यापुढे केलं.

मी चपला काढल्या. खोरं हातात घेतलं. काठाशी गेले.

आणि थांबले.

मी सहा-सात वर्षांची असेन. आबांचा डबा घेऊन यायचे आणि खिडकीच्या गजांना धरून आत बघत राहायचे. आतून तेलाचा, ताकाचा, हळदीचा वास यायचा. मांड्या थोपटल्याचा आवाज यायचा. घरी कुणाशी फारसं न बोलणारे आबा इथे खदाखदा हसायचे. खाली पडले तरी हसायचे. त्या हसण्यासाठी मी उभी असायचे.

एकदा दार उघडं दिसलं. मी आत गेले आणि काठावरून एक पाय मातीत ठेवला.

सगळा आवाज थांबला...

आबा आले. त्यांनी मला उचलून बाहेर पायरीवर बसवलं. ओरडले नाहीत. खांद्यावरचा पंचा काढला आणि माझा तळवा पुसला. बोटांच्या बेचक्यासुद्धा पुसल्या. लाल ठिपका राहिला नाही तोवर पुसत राहिले. मग आत गेले. त्या दिवशी आतून हसणं ऐकू आलं नाही.

पुढे मी कॉलेजात गेले. वक्तृत्वाच्या ढाली आणल्या. समानतेवर तावातावाने बोलले, टाळ्या घेतल्या. आबा गेले.

आणि आता मोकळ्या तालमीत, समोर अडवणारं कुणी नसताना, माझा पाय उचलेना.

वस्ताद बघत होते. काठाला धरून ते कसेबसे उभे राहिले. त्यांच्या गुडघ्यांचा आवाज मला ऐकू आला.

"हात दे," ते म्हणाले. "मला खाली उतरव."

"तुम्हाला?"

"लई दिस झालं, माती लागली न्हाई पायाला. एकट्याला उतराय येत न्हाई आता."

मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला, पण पाय टाकला नाही.

"वरनं कसं धरणार? मी पडलो तर माझ्यासंगं तूबी पडशील."

"मग?"

"खालनं धर."

मी त्यांच्याकडे बघितलं. ज्यांनी हा नियम दोन पिढ्यांना शिकवला, त्यांचा हात माझ्या हातात होता. नियम पाळायचा तर वस्तादांना त्यांच्याच हौद्याच्या काठावर ठेवायचं. वस्तादांना उतरवायचं तर...

मी उतरले.

माती वरून खडकासारखी झाली होती. मी दोन्ही हात वर केले. वस्ताद माझ्या खांद्यावर भार टाकत उतरले आणि तिथेच मांडी घालून बसले. डोळे मिटून घेतले.

मी खोरं मारलं. वरचा पापुद्रा फुटला. खालची माती गार होती आणि तिला अजून तो वास होता. आबांच्या पंच्याचा.

मी पुन्हा मारलं. मग पुन्हा. काय काढायला उतरले होते ते विसरून मी माती नुसती खाली-वर करत राहिले, कुस्तीआधी आबा करायचे तशी.

"अरारारा!"

दारात दोघे पंच उभे होते. हिंदुराव तात्या आणि बाळगोंडा अण्णा. दोघेही याच गिरणीतून निवृत्त झालेले, याच मातीतले जुने पैलवान. वस्तादांचा होकार ऐकायला आले होते.

"म्याडम, आता कुस्ती धरताय काय?" तात्या म्हणाले.

"धरीन. येताय?"

"जिभेला हाड न्हाई हिच्या," अण्णा म्हणाले. "मारुतीची पोरगी न्हवं तू? बापानं हेच शिकवलं?"

"आबांनी माझा पाय पुसला होता, अण्णा. तुम्ही सगळे बघत होतात."

अण्णांनी मान फिरवली.

तात्यांनी आवाज उतरवला. "हे बघ पोरी. तुझ्या मनासारखं करतोय न्हवं आम्ही? बुजव की हौदा. सिमेंट टाक, चटया टाक, बाया नाचव त्याच्यावर. आमचं हो हाय. पण आधी बाहेर ये. माती हाय तोवर बाई आत नगं."

मी खोऱ्यावर हात टेकून उभी राहिले. हौदा पुरायला हे तयार होते. मला त्यात उभं राहू द्यायला नव्हते.

"बाहेर ये म्हणतोय न्हवं? न्हाईतर आमचं हो परत घेतो. जाऊ देत तुझी मशिनं परत."

व्हरांड्यातली मशिनं मला इथून दिसत होती. ती मिळवायला किती दारं झिजवली होती, ते मलाच ठाऊक. फुलाबाईने कालच विचारलं होतं, बाई, कधी उघडतंय आपलं?

"नाही," मी म्हणाले.

"काय न्हाई?"

"बाहेर येत नाही. हौदाही बुजवत नाही. मशिनं भिंतीच्या कडेनं लागतील. पाळी सुटली की फुलाबाई इथं येईल, वाटलं तर मशिनवर चढेल, वाटलं तर मातीत उतरेल. तुमचं हो मी बाहेर आल्यावरच मिळणार असेल, तर ते तुमच्यापाशीच ठेवा."

"वस्ताद," अण्णा कळवळून म्हणाले, "तुम्ही तरी सांगा हिला..."

वस्तादांनी डोळे उघडले. मूठभर माती उचलून दंडाला चोळली, अगदी सावकाश, जोर काढायच्या आधी पैलवान चोळतात तशी.

तात्या, अण्णा दोघेही खाली बघत राहिले. गिरणीची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"खोरी आणखी हायत," वस्ताद त्या दोघांना म्हणाले. "दाराच्या मागं."