उजवी पाकळी

एका डोंगराच्या पोटाशी एक गाव होतं आणि गावाच्या डोक्यावर दाट देवराई. राईत देवीची उघड्यावरची शिळा, शिळेखाली झरा. उन्हाळ्यात विहिरी आटल्या, की सगळं गाव त्या झऱ्यावर तगायचं. राईतलं काहीही तोडायचं झालं, तर गुरव आधी देवीला कौल लावायचा. शिळेवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

पुढे राई पाहायला लांबून माणसं येऊ लागली. गावाला त्याचं केवढं कौतुक! एक दिवस गावचा प्रमुख, गावकार, गुरवाकडे आला.

"पाहुण्यांना काटे लागतात. थोडी झाडं पाडून रुंद फरशीची वाट करू. लाव कौल."

डावी पाकळी पडली.

"वारा होता. परत लाव."

पुन्हा डावी.

"पाकळीच शिळी असणार."

"सकाळी खुडलीय, गावकार."

"मग उद्या बघू."

रोज तेच. कधी वारा आडवा आला, कधी मुंगी, कधी म्हणे गुरवाचा हातच थरथरला. गुरव मेटाकुटीला आला. पूर्वी अशा वेळी त्याची बायको ठणकावून सांगायची, "देवी बहिरी नाही हो, तुम्ही आहात!" गावकार हसून परत फिरायचा. ती गेल्यापासून गुरवाला कोणाशी वाद घालावासाच वाटत नसे. एका सकाळी त्याने उजवी पाकळी न भिजवताच टेकवली.

"पडली! उजवी पडली!" गावाने गुलाल उधळला.

झाडं गेली, फरशी आली, फरशीवर चपला आल्या. पुढल्या वैशाखात झरा आटला.

रिकाम्या कळश्या घेऊन गाव राईत जमलं. "गुरवा, पाणी कधी येईल? विचार देवीला."

गुरवाने कौल लावला. ऊन चढलं. पाकळ्या शिळेवरच वाळल्या. एकही पडली नाही.

"परत लाव," गावकार म्हणाला.

"नाही लावणार. तिने रोज सांगितलं, तुम्हाला ऐकायचं नव्हतं. आणि मी दमलो होतो. ती उजवी पाकळी मी कोरडी लावली होती."

गुरव वाकून पहिली फरशी उपसू लागला. गावकाराने चपला काढून दुसरं टोक धरलं.

"झाडं कधी वाढायची रे?"

"ते तुमची नातवंडं सांगतील. धरा नीट."

तात्पर्य एवढंच: रानाचा नकार पहिल्याच खेपेला ऐकावा, आणि तो सांगणं ज्याचं काम, त्याने कंटाळून होकार देऊ नये.