लाल ठिपके

"तो मला सापडलाय, बाई. मी रुखसानाला का म्हणून देऊ?"

हर्षलच्या हातात काचेची नळी होती. तांब्याचा मुलामा देणाऱ्या कारखान्यांमागे निळसर पाण्याचा नाला वाहतो. त्याच्या गाळातून त्याने एक जिवाणू शोधून काढला होता. ज्या तांब्याने बाकीचे मरत, त्यात हा मजेत वाढे. त्याच्याच प्रयोगशाळेतल्या रुखसानालाही तो अभ्यासायला हवा होता, पण शोधावर एकट्याचं नाव लागावं म्हणून हर्षलने फ्रिजमधल्या डब्याला चक्क कुलूप घातलं होतं.

त्याच्या मार्गदर्शक तुळपुळेबाईंनी चष्मा पुसला. "एवढं काय रे त्याच्यात?"

"तांबं आत शिरलं की लगेच बाहेर फेकतो. त्याची जनुकंच तशी आहेत. जातच वेगळी, बाई!"

"बरं. थेंबभर दे मला."

बाईंना नाही कसं म्हणणार... त्याने दिला.

बाईंनी त्या थेंबात लाल जिवाणू मिसळला. मुलांना शिकवायला ठेवलेला, तांब्याच्या वाऱ्यालाही न टिकणारा.

हर्षलला हसू आलं. "बाई, ह्याचं तेरावंच घालावं लागणार."

"घालू की."

रात्रभर दोन्ही जिवाणू एकत्र राहिले. सकाळी बाईंनी त्यांना जिवाणू वाढवायच्या, तांबं मिसळलेल्या प्लेटवर पसरलं.

"परवा ये."

तो आला. प्लेटवर पांढुरके ठिपके उगवले होते, त्याच्या जिवाणूचे. आणि मधूनमधून... लाल.

"बिघडली प्लेट! बाहेरचं काहीतरी शिरलंय."

"बाहेरचं कसलं? आपलाच लाल आहे."

"पण तो तर तांब्याने मरतो!"

"मरायचा."

हर्षलने प्लेट उजेडात धरली. काही जनुकं डीएनएच्या एका छोट्या कड्यावर असतात आणि त्या कड्याची नक्कल एक जिवाणू शेजाऱ्याला देऊ शकतो, हे त्यानेच पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवलं होतं. आपल्या जिवाणूबद्दल मात्र ते त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"आणि नाल्यात तुझ्या ह्याला ते कडं कुणी दिलं असेल रे?"

हर्षलचा हात खिशातल्या किल्लीशी गेला, आणि तिथेच थांबला...

"बाई, रुखसानाला दिला, तर माझ्याकडे काय राहील?"

बाईंनी प्लेट त्याच्यापुढे सरकवली. लाल ठिपक्याला खेटून पांढुरका ठिपका तसाच टपोरा वाढला होता. त्यांनी त्याच्यावर बोट ठेवलं.

"ह्याला विचार."