पाण्याकडे कोण बघतंय?

सांगलीच्या शर्वाणी गुरवने होड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम तयार केला. कंपनीचे मालक सरनोबतसाहेब यांनी तो उभ्याउभ्या पाहिला आणि फर्मान काढलं, "यात रे ट्रेसिंग सक्तीचं करा. प्रकाशाचा किरण न् किरण खरा वाटला पाहिजे. नाहीतर सगळा रंगवलेला पुठ्ठा."

प्रत्येक किरणाचा हिशेब मांडणाऱ्या त्या तंत्रामुळे गेम इतका जड होणार होता, की तो फक्त महागड्या कॉम्प्युटरवर चालला असता. ज्या कॉलेजच्या पोरांसाठी तो बनवला, त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर उघडणारसुद्धा नव्हता.

"साहेब, खेळताना एवढा फरक जाणवत नाही," ती म्हणाली.

"तुला जाणवत नसेल. मला एका नजरेत कळतो."

"मग एकदा खेळूनच बघा," म्हणत तिने कंट्रोलर त्यांच्या हातात दिला.

शेजारची होडी पुढे निघाली तसे साहेब खुर्चीच्या टोकाला आले. कोट काढला, दातओठ खाल्ले आणि शेवटच्या वळणावर होडी पुढे घुसवून शर्यत मारली.

शर्वाणीने स्क्रीन बंद केला. "आता सांगा साहेब, काठावरच्या देवळाचं पाण्यातलं प्रतिबिंब रे ट्रेसिंगचं होतं की साधं?"

"पाण्याकडे कोण बघतंय? मी होडी हाकत होतो."

"खेळणारेही होडीच हाकणार आहेत, साहेब."

होडी थांबवून निरखलं तर फरक दिसतो, हे शर्वाणीनेही कबूल केलं. शेवटी रे ट्रेसिंग ठेवायचं, पण ज्याला हवं त्याने सुरू करायचं, असं ठरलं. मग साहेबांनी पुन्हा कंट्रोलर मागितला.