येसूच्या फाटकावरची वाळू

कोंडसरच्या घाटात, उताराच्या मध्यावर एक रेल्वे-फाटक आहे. मालगाड्या ओढलेलं जुनं वाफेचं इंजिन आता पाहुण्यांना घेऊन तिथवर येतं आणि सिग्नल मोकळा असला तरी थांबतं. का, असं कुणी विचारलं की गावचे धोंडीबा खरात विडी विझवतात आणि सांगू लागतात.

फाटकवाला वारला तेव्हा फाटक त्याच्या बायकोकडे, येसूकडे आलं. वरच्या वळणावरच्या गाडीला डोंगराला वळसा घालून फाटकाशी यायला सात-आठ मिनिटं लागत, म्हणे. पौषातल्या एका सकाळी धुक्यानं रूळ तेल चोपडल्यासारखे झाले होते. वरून शिट्टी आली. आखूड, लागोपाठ, न थांबणारी. गाडी आवरत नाही, एवढाच त्या शिट्टीचा अर्थ. आणि खाली स्टेशनात प्रवाशांची गाडी उभी होती.

फाटकाशेजारी देवीचं देऊळ बांधायला काढलं होतं. झापांखाली कोरड्या वाळूचा ढीग, पाट्या वाहणाऱ्या नऊ बाया.

"वाळू रुळांवर टाका गं! दोन्ही रुळांवर!" येसू ओरडली.

"आगं, देवीची वाळू हाय ती!"

"देवी बघंल काय ते. उचला!"

बाया चढाकडे धावल्या. पाटीमागून पाटी रिकामी होत गेली. रूळ गुणगुणू लागले, मग थरथरू लागले. शेवटची बाई बाजूला उडी घेते न घेते तोच धुक्यातून इंजिन आलं. चाकं जखडलेली, तरी घसरतच होतं. वाळूवर चढताच चाकांखालून ठिणग्या उडाल्या, कानठळ्या बसवणारी किंकाळी उठली. एकेक डबा येसूसमोरून गेला. तिनं श्वास धरून अकरा मोजले. बारावा तिच्यासमोर येऊन थांबला, असं सांगतात.

ड्रायव्हर एलिजा नवगावकर उतरला तो थेट येसूकडे आला. "घसरणीवर टाकायची वाळू माझ्याही पेटीत होती, बाई. रुळावर सोडणाऱ्या नळीत भिजून दगड झाली. मी निघताना बघितलं नाही." तिथंच त्यानं शपथ घेतली, की तुमची मूठभर वाळू घेतल्याशिवाय हे इंजिन इथून खाली उतरणार नाही. तो होता तोवर ती त्यानं पाळली.

पुढे वाफेचा जमाना सरला. इंजिन तीस वर्षं गंजत पडलं, घाणेरीच्या झुडपात दिसेनासं झालं. दस्तगीर मिस्त्रीनं दोन वर्षं खपून ते जिवंत केलं. पहिल्या चाचणीला रेल्वेचे साहेब त्याच्यासोबत इंजिनात बसले होते. फाटकावर पाहतात तो, पाठीत वाकलेली येसू लाल झेंडी घेऊन रुळांमध्ये उभी.

"आजी, बाजूला व्हा," साहेब म्हणाले. "पेटी काठोकाठ भरलीय."

"असंल. पर पडतीया का?"

साहेब हसले. दस्तगीर हसला नाही. त्यानं वाळू सोडायचा दांडा ओढला. खाली कण पडला नाही. नळी उघडली, तर आत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. पुढचा उतार घाटातला सगळ्यात खडा. दस्तगीरनं नळी मोकळी केली, येसूनं आणलेली मूठ पेटीत ओतली आणि म्हातारीच्या पायांना हात लावला.

येसू गेली, त्यालाही बरीच वर्षं झाली. पण आजही गावची एखादी बाई पेटीत मूठभर वाळू घालते. ड्रायव्हर खाली उतरतो, नळीखाली उघडा तळवा धरून बसतो. त्या तळव्यावर वाळू पडल्याशिवाय फाटकावरून हिरवी झेंडी हलत नाही.