उंबरठा फोडणारी फिलोमेना

इटलीच्या दक्षिणेला बाझिलिकाता नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथे एका विझलेल्या ज्वालामुखीच्या उतारावर रोकानेरा नावाचं गाव आहे. ज्या काळी त्या गावाला सडक नव्हती आणि द्राक्षं गाढवाच्या पाठीवरून यायची, त्या काळी तिथे फिलोमेना नावाची बाई राहायची. तिच्या हातची काळी, दाट वाइन प्यालेला माणूस अख्खा डोंगर उतरेपर्यंत गात राहायचा, असं म्हणतात.

गावाची वाइन डोंगरात खोदलेल्या गुहांमध्ये व्हायची. द्राक्षं तुडवून रस पिंपांत भरला, की तो आपसूक उकळू लागायचा. फिलोमेना म्हणायची, उकळताना वाइन श्वास सोडते आणि त्या श्वासातच तिचा जीव असतो. तो बाहेर जाऊ नये म्हणून तिने आपल्या गुहेला गुडघाभर उंच दगडी उंबरठा बसवला आणि दाराच्या फटी मातीने लिंपल्या. वाइन अशी उतरली, की पुढच्या वर्षी सगळ्या गावाने तसेच उंबरठे बसवले.

तिचा नवरा दोनातो तिला चिडवायचा, "अगं, त्या वाइनला जरा हवा खाऊ दे."

"तुला रोज हवा खायला सोडते, तू कुठे सुधारलास?" ती म्हणायची.

एका हंगामात, दिवेलागणीला, दोनातो माती खरवडून घोटभर चाखायला चोरून गुहेत शिरला. बराच वेळ झाला तरी तो परतला नाही. फिलोमेना दिवा घेऊन गेली, तर दार उघडं आणि तो पिंपांमध्ये पालथा पडलेला. तिच्या हाकेला दोघे शेजारी धावले. उंबरठा ओलांडून त्याला उचलायला वाकले मात्र, त्यांचीच डोकी गरगरली, आणि ते धडपडत बाहेर आले.

"आत काहीतरी आहे," त्यातला पिएत्रो धापा टाकत म्हणाला.

फिलोमेनाने दिवा आत धरला. खांद्याशी ज्योत नीट जळत होती. तिने हात खाली नेला, आणि उंबरठ्याच्या पातळीला येताच ज्योत विझली. तेव्हा तिला कळलं. वाइनचा श्वास पाण्यासारखा तळाशी साचला होता, आणि त्याला बांध घातला होता तिनेच.

"घण आण, पिएत्रो."

"गार वारा शिरला तर उकळी बसेल, फिलोमेना. वर्षाची वाइन जाईल."

"वाइन पुढच्या वर्षी पुन्हा होईल. हा होणार नाही."

ती छाती भरून श्वास घेऊन गुडघ्यांवर बसली आणि घाव घालू लागली. चर्चची सांजघंटा सुरू झाली, वाजून संपली, तरी तिने दुसरा श्वास घेतला नाही, असं म्हणतात. शेवटी दगड दुभंगला. कोंडलेला श्वास उतारावरून वाहत सुटला. गल्लीतल्या पायऱ्यांवरचे दिवे वरपासून खालपर्यंत एकेक करून विझत गेले, आणि सगळ्यात खालच्या अंगणातल्या कोंबड्या उभ्या उभ्या झोपल्या.

मग आत दोनातो खोकला.

"अजून कच्चीच आहे," तो पुटपुटला.

फिलोमेनाने त्याच्या गालावर एक चापट मारली, आणि मग ती रडली. डोळे पुसून तिने घण उचलला आणि दारोदार जाऊन गावातले सगळे उंबरठे फोडले. कुणी तिला अडवलं नाही. त्या वर्षीची वाइन पातळ आणि आंबट निघाली. हिवाळाभर फिलोमेना तीच प्यायली आणि एकदाही कुरकुरली नाही.

आजही रोकानेरात एकाही गुहेला उंबरठा नाही. हंगामात दाराच्या आत जमिनीवर दिवा ठेवतात आणि तो तेवत राहिला तरच आत पाऊल टाकतात. नव्या वाइनचा पहिला पेला फिलोमेनाच्या नावाने भरतात, तो घरातल्या सगळ्यात पातळ वाइनचा. पाहुण्याने कौतुकाने उंची बाटली पुढे केली, तर म्हातारी माणसं ती बाजूला सारतात. पेला घरभर फिरतो. मग घरातली बाई नवऱ्याच्या गालावर हलकीशी चापट मारते, आणि तो खोकतो.