मानाची खुर्ची खिडकीखाली

शाळेच्या खिडक्यांच्या चौकटी वाळवीने आतून पार पोखरल्या होत्या. तिसऱ्यांदा तेच सांगून रंगारी इस्माईलचाचांचं डोकं पिकलं होतं. "भाऊसाहेब, चौकटी बदला. खाली पोरं बसतात."

"भेगांत लांबीचा लगदा भरा, वर तेलरंग फासा!" संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब खेकसले. "उद्या समारंभ आहे. रंगाखालचं कुणाला दिसतंय? चौकट पडणार नाही, माझा शब्द आहे."

"मग काय हरकत आहे?" चाचा म्हणाले. "आत्ता रंगवतो. फक्त उद्या तुमची मानाची खुर्ची याच खिडकीखाली मांडायला सांगा."

खिडकीखालीच उभ्या असलेल्या भाऊसाहेबांनी मान वर केली. चौकटीतला भुसा त्यांच्या कडक टोपीवर भुरभुरला.

"आधी सुताराला बोलवा," ते पुटपुटले, "आणि समारंभ पटांगणात घ्या."